पाचवी तार

बीदरजवळच्या कोळारला माझी मावसबहीण राहते. (सोन्याच्या खाणी होत्या ते कोलार निराळे, तेथे आमचे कोण असणार!) तिच्याकडे गेलो म्हणजे हुमनाबादेस माणिकनगरला जाऊन यावयाचे, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. वडील दरबारी गवई. पण राजवाड्यावर गात तितक्याच निष्ठेने ते माणिकप्रभूंच्या समाधीपुढे गात.

सकलमत संप्रदायाचे प्रवर्तक माणिकप्रभू यांचा जन्म १८१७ चा, समाधी १८६५ ची. मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषांत त्यांची पदे आहेत. वाराप्रमाणे भजने ठरलेली असून तेथील मुलांना ती कानावरूनच येतात. यंदा भजनाच्या वेळी सातआठ वर्षांचा एक मुलगा खांबाला टेकून नुसता ऐकत बसला होता. ‘तोंड उघड, म्हण’ असे त्याला कुणी म्हटले नाही. मला मात्र तेथे बसवेना.

स्वतः माणिकप्रभूंचे बालपण असेच गेले. कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, ते मामांकडे वाढले. शाळेत मन रमेना. सवंगडी जमवून खेळावे, नाहीतर रानात एकटेच जाऊन बसावे. मामांनी कंटाळून त्यांना जकातीच्या कामावर लावले, तेही टिकले नाही, असे चरित्रात सांगतात. आपण त्या मुलाला आज हात जोडतो. पण तसा मुलगा आपल्याच घरी निघाला तर?

माझ्या वर्गात तो निघाला होता. आठ वर्षांचा पोर. गाणे कमी, तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावून बसणे फार. एके दिवशी म्हणाला, “गुरुजी, तारा चार आहेत, मग पाचवी कोण वाजवतंय?” प्रारंभिक परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली. मी म्हटले, “आधी अलंकार पाठ कर, मग गप्पा.” तो पुन्हा काही बोलला नाही, आणि दिवाळीनंतर आलाच नाही.

त्याने ऐकला तो स्वयंभू गंधार. जवारी नीट लागली असली म्हणजे खर्जाच्या तारेतून तो आपोआप उमटतो. त्याची वेगळी तार नसते. कित्येक शिकाऊ गायकांना तो ओळखू येण्यास वर्षे लागतात. त्या पोराला तो रिकामा बसल्यामुळे सापडला, आणि मी त्याला कामाला लावले!

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० सालीच सांगून ठेवले की भरकटलेले अवधान पुनःपुन्हा माघारी आणता येणे यातच विवेक, शील आणि इच्छाशक्ती यांचे मूळ आहे. ते माघारी आणायचे कसे, हे माँटेसरीबाईंनी खेळातून दाखविले. मुलांनी अगदी निःशब्द बसायचे. बाई पलीकडच्या खोलीतून एकेकाचे नाव कुजबुजत घेणार. ज्याला ऐकू येईल त्याने पावले न वाजविता जायचे. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाईंबरोबर आणि पुढे आपल्याकडे बालशिक्षणाचा जो पंथ घातला, तो याच माँटेसरीबाईंच्या विचारातून निघालेला. गप्प बसविणे आणि गप्प बसावेसे वाटणे यांतले अंतर त्यांना कळले होते. मी घराण्याचा तंबोरा उशाशी घेऊन वाढलो, तरी मला ते उमगू नये!

आमच्या घरी पहाटे वडील तंबोरा लावीत तेव्हा आम्ही भावंडे अंथरुणातच असू. ‘उठा, शिका’ असे ते कधी म्हणाले नाहीत. त्याला कुणी ध्यान म्हटले असते तर ते हसले असते.

माणिकनगरहून परतल्यावर त्या मुलाच्या घरी गेलो. पोर आता दहावीत आहे, शिकवणीला गेले होते. आईने चहा दिला. निरोप ठेवून आलो. तो आला नाही, यावे तरी का?

वर्गात मात्र आता पहिली दहा मिनिटे नुसता तंबोरा. कुणी गायचे नाही, विचारायचे नाही, वाटल्यास डोळे मिटावे. दोघे लोळतात, लोळू देतो. एका पालकांनी हिशेब मांडून महिन्याच्या फीतून तेवढी दहा मिनिटे वजा करून मागितली. मी करून दिली.