लॅपटॉप झोपेतून उठतो, पण वायफाय कुठे जातं?

लॅपटॉपचं झाकण उघडलं, स्क्रीन उजळली, पण वायफायचं चिन्हच दिसत नाही. कधी टचपॅड चालत नाही, कधी आवाज बंद. ऑनलाइन मीटिंगला पाच मिनिटं उरलेली असताना असं झालं की वाटतं, कार्डच गेलं. पण रीस्टार्ट केल्यावर सगळं सुरळीत होत असेल, तर बहुतेक वेळा हार्डवेअर ठीक असतं. अडचण ड्रायव्हरची असते.

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि हार्डवेअर यांच्यामधला दुभाषा. नेहमीच्या 'स्लीप'मध्ये रॅमला थोडी वीज मिळत राहते, म्हणून उघडी ठेवलेली कामं तशीच राहतात. प्रोसेसर आणि इतर बरेच भाग मात्र बंद होतात. झोपण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या भागाची स्थिती नोंदवून ठेवायची आणि जाग आल्यावर तो भाग पुन्हा त्याच स्थितीत आणायचा. एखाद्या ड्रायव्हरला हे जमलं नाही, की बाकी लॅपटॉप जागा होतो आणि तेवढा भाग झोपलेलाच राहतो.

मग काय करायचं?

१. आधी रीस्टार्ट करा, शट डाउन नको. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन करताना ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

२. काम अर्धवट आहे, रीस्टार्ट करता येत नाही? स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'नेटवर्क अडॅप्टर्स'मध्ये वायफाय कार्ड शोधा, ते 'डिसेबल' करून पुन्हा 'एनेबल' करा. स्क्रीनच काळी राहिली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

३. पुन्हा पुन्हा होतंय? त्याच कार्डच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब असेल, तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाका. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅब नसतो, तेव्हा पुढचा उपाय करा.

४. लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. नुकत्याच झालेल्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरून जुना परत आणा. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणाऱ्या अनोळखी अॅपपासून लांब राहा.

रीस्टार्टनंतरही वायफाय दिसत नसेल, तर मात्र दुरुस्तीवाल्याकडे जा. तिथे 'वायफाय चालत नाही' एवढंच सांगू नका. त्रास फक्त स्लीपनंतर होतो की नेहमीच, हेही सांगा. नाहीतर चांगलं कार्ड बदललं जाईल आणि त्रास तसाच राहील.