लाल रान, हिरवें रान

पावसाळा सरल्यावर शहापूर व मुरबाड या तालुक्यांचें उपग्रहानें टिपलेलें चित्र जो प्रथमच पाहतो, त्यास तेथील रानास वणवा लागला आहे कीं काय असा भास होतो. माहुलीचा डोंगर, तानसेचें अभयारण्य, माळशेज घाटाखालचे उतार, सर्व लालभडक. भातसा आणि तानसा हे जलाशय तेवढे काळे. यांत दोष कोणाचाच नाहीं. हिरवें पान हिरव्या प्रकाशाहून अवरक्त किरण कितीतरी अधिक परत पाठवितें. ते आपल्या डोळ्यांस दिसत नाहींत, यंत्रास दिसतात. अदृश्यास दृश्य करावयाचें तर त्यास एखादा रंग उसना द्यावा लागतो. म्हणून अवरक्तास तांबडा, तांबड्यास हिरवा व हिरव्यास निळा, अशी वहिवाट पडली आहे.

हेंच चित्र डोळ्यांच्या सवयीचें करितां येतें काय? येतें, पण युक्तीनें. १९८८ सालीं सोडलेल्या आय. आर. एस. १-ए या आपल्या उपग्रहावर निळ्या प्रकाशाचीही नोंद होत असे. २८ डिसेंबर १९९५ रोजीं गेलेल्या १-सी वर ती सोय नव्हती. निळा प्रकाश हवेंत फार विखुरतो व चित्र धूसर करितो, हें खरेंच. परंतु निळ्यावांचून नैसर्गिक रंग जुळावा कसा? एका प्रचलित कृतींत हिरव्याचे तीन भाग आणि अवरक्ताचा एक भाग मिसळून नवा ‘हिरवा’ सिद्ध करितात व मूळ हिरवा निळ्याच्या जागीं बसवितात. रान ओळखीचें दिसूं लागतें. तथापि तो हिरवा पानाचा नव्हे, हिशेबाचा.

दुसरी युक्ति याहून नाजूक आहे. १-सी च्या रंगीत चित्राचा एक ठिपका जमिनीवर २३.५ मीटर लांबरुंद, म्हणजे सुमारें साडेपांच गुंठ्यांचा. त्याच उपग्रहावरील कृष्णधवल कॅमेऱ्याचा ठिपका ५.८ मीटरांचा, गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. दोहोंचा संयोग करितांना उजेड-सावली बारीक चित्राची आणि रंग मोठ्या ठिपक्याचा घेतात. बांध, रस्ते, वस्त्या स्पष्ट उठतात. रंग मात्र सोळा लहान ठिपक्यांस मिळून बहुतेक एकच असतो. जास्वंदीशेजारचा स्फटिक तांबडा दिसतो, हा वेदान्त्यांचा दृष्टान्त येथें अक्षरशः लागू पडतो. रानाच्या कडेच्या लहानशा वावरास रानाचाच रंग चढतो.

ही केवळ विद्वानांची चर्चा नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें आदिवासी दावेदारास १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन आपल्या ताब्यांत असल्याचें दाखवावें लागतें. आणि या तालुक्यांतील ठाकूर, कातकरी कुटुंबांचीं नागली-वरईचीं वावरें डोंगरउतारावर, रानास खेटून असतात. उन्हाळ्यांत साग पानें टाकतो आणि वावरही उघडें असतें, दोन्ही भुरीं. पीक उभें असतां दोन्ही हिरवीं. अशा स्थितींत एखादें देखणें हिरवें चित्र पुढें ठेवून ‘येथें शेत दिसत नाहीं’ असें म्हणणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. २०१२ च्या दुरुस्त नियमांनींही उपग्रहचित्र इतर पुराव्यास पूरक मानिलें आहे, त्याचा पर्याय नव्हे. ज्यांच्या घरांत संगणक जाणणारीं मुलें आहेत, त्यांनीं शेजारच्या पाड्यावरील दावेदारास एवढें साह्य अवश्य करावें: चित्र कोणत्या महिन्याचें, ठिपका केवढा, आणि रंग बदलण्यापूर्वींचें लाल चित्र कोठें आहे, हे तीन प्रश्न त्याच्या अर्जासोबत लिहून द्यावे.