परवाना हाती, पण बँकेचे दार बंद

कायदेशीर व्यवसाय, पण बँकेत खाते नाही! अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ रोजी गांजाची परवानाधारक दुकाने २१ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या प्रौढांसाठी खुली झाली, तेव्हा दुकानदारांपुढे हाच पेच उभा राहिला. राज्याने परवाना दिला. मात्र १९७० च्या केंद्रीय कायद्यानुसार गांजा निषिद्धच होता. साहजिकच, हा पैसा स्वीकारल्यास बेकायदा पैसा वैध करण्याचा ठपका येईल, अशी बँकांना धास्ती होती.

फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय अर्थखात्याने बँकांना वाट करून दिली. परंतु अशा प्रत्येक ग्राहकाबाबत 'संशयास्पद व्यवहारा'चे अहवाल पाठवण्याची अट घातली. काही लहान बँका व पतसंस्था पुढे आल्या. मोठ्या बँका आणि क्रेडिट कार्ड कंपन्या दूरच राहिल्या.

परिणामी अनेकांना पगार, भाडे, इतकेच नव्हे तर करही रोखीने भरावा लागला. नोटा मोजणे, तिजोऱ्या, सशस्त्र पहारा यांचा खर्च वाढला. त्यातच १९८२ च्या करतरतुदीमुळे, मालाची किंमत वगळता, हा खर्च केंद्रीय करासाठी उत्पन्नातून वजा करता येत नव्हता.

सप्टेंबर २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने बँकांना संरक्षण देणारे विधेयक संमत केले. सिनेटमध्ये ते अडकले. तत्पूर्वी, जून २०१६ मध्ये ऑरोरा शहरात अशाच एका दुकानावरील दरोड्याच्या प्रयत्नात सुरक्षारक्षकाचा बळी गेला होता. दोन सरकारांच्या विसंगत कायद्यांचा भार अखेर तिजोरीपाशी उभ्या असलेल्या माणसावर पडतो.