गिअरचे गणित
चाकाला मिळणारा टॉर्क म्हणजे इंजिनाचा टॉर्क गुणिले गिअरचे आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर. इंजिन २०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३.५ आणि डिफरन्शियल ४ असेल, तर घर्षण वगळता चाकांपाशी २,८०० न्यूटन-मीटर पोचतात. गुणोत्तर १ असलेल्या गिअरमध्ये फक्त ८००. साखरशेत परिसरात, जव्हार-मोखाड्याच्या चढांवर भरलेली जीप खालच्या गिअरमध्ये चढते ती याचमुळे. पण पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे १४ फेरे होतात. कमाल फेरे लवकर गाठले जातात आणि गिअर बदलावा लागतो.

कार डिझायनर दिलीप छाब्रियांच्या डीसी अवंती या स्पोर्ट्स कारला सहा गिअर होते. गिअर जास्त असले, की गुणोत्तरे एकमेकांच्या जवळ ठेवता येतात, आणि मग गिअर बदलल्यावरही इंजिन जोमाच्या टप्प्यात राहते. गुणोत्तर फारच वाढवले तर टायर जागीच घसरतात. अश्वशक्ती मात्र गिअरने वाढत नाही.