ऊन खाल्लेलं प्लास्टिक

ॲरिझोनात गाडीचं वय सगळ्यात आधी दिसतं ते तिच्या काळ्या प्लास्टिकवर. बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, दारांच्या तळाशी गेलेली रुंद पट्टी, पुढच्या काचेखालची वायपरची जाळी. कारखान्यातून निघताना हे सगळं काळंभोर असतं. मग करडं होतं, मग राखाडी, आणि शेवटी बोट फिरवलं तर पांढरट भुकटी लागेल इतकं कोरडं. पत्र्यावरचा रंग तोवर ठणठणीत असतो, इंजिनही. तरी गाडी थकलेली दिसते.

आम्ही राहतो चँडलरला, फिनिक्सच्या आग्नेयेला. इंटेलचे मोठे कारखाने इथे असल्यामुळे मराठी घरंही बरीच. दसऱ्याला ड्राइव्हवेत गाड्या धुतल्या जातात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, ग्रिलला झेंडूची माळ लागते. हे प्लास्टिक पुन्हा काळं करायला दसऱ्याचा सुमार सोयीचाच, कारण भर उन्हाळ्यात प्लास्टिकला हात लावण्यात अर्थ नसतो. लावलेलं द्रव्य पसरायच्या आत सुकून जातं. २०२३च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस दिवसाचा कमाल पारा ११० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे ४३ सेल्सियसला, किंवा त्याच्याही वर पोचत होता. असे उन्हाळे आमच्या गाडीने एकामागून एक काढले आहेत. तिचं प्लास्टिक पुन्हा काळं करायचं ठरवलं, तेव्हा पिकअपमध्ये पाण्याची टाकी आणि जनरेटर घेऊन घरोघर फिरणाऱ्या एका डीटेलरला, म्हणजे गाड्या बारकाईने साफ करून देणाऱ्याला, बोलावलं. अट एकच घातली: मला शेजारी बसून सगळं बघायचंय आणि थोडं हातानं करायचंय.

तो लहानपणी मेक्सिकोतल्या सोनोरातून इकडे आलेला. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने विचारलं, "ऑफिसात गाडी उत्तरेकडे तोंड करून लावता का?" अगदी तसंच होतं. मागचा बंपर आणि डावी बाजू सगळ्यात पांढरी, उजवी बरी, पुढचा बंपर त्याहून बरा. उत्तरेकडे तोंड केलेल्या गाडीच्या पाठीवर दक्षिणेचं ऊन दिवसभर पडतं आणि दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन डाव्या अंगावर. वायपरची जाळी तर आडवी, तिला डोक्यावरचं ऊन कोणत्याही दिशेला चुकत नाही. आमच्या पार्किंगचा सगळा इतिहास त्या प्लास्टिकवर उतरलेला होता, आणि त्याला तो वाचता येत होता.

मग त्याने चाकावरच्या कमानीवर पाणी शिंपडलं. भिजलेला भाग क्षणात काळा झाला, नव्यासारखा. वाळवंटातली हवा, बघता बघता पाणी उडून गेलं आणि राखाडी परत आला. तो म्हणाला, "भिजल्यावर काळं होतंय ना, मग अजून काम होईल."

या साध्या चाचणीत सगळं शास्त्र आहे. हे प्लास्टिक म्हणजे बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलिन. त्यात लवचीकपणासाठी थोडं रबर, ताठपणासाठी शंखजिऱ्याची पूड आणि काळेपणासाठी काजळी. भाग खोलून पाठ पाहिली तर साच्यातच उठवलेली अक्षरं सापडतात: पीपी (पॉलिप्रोपिलिन), ईपीडीएम (रबर), टीडी २०. शेवटच्या आकड्याचा अर्थ २० टक्के शंखजिरं. उन्हातले अतिनील किरण पॉलिप्रोपिलिनच्या लांब साखळ्या तोडतात. त्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटणारा असतो; तिथे प्राणवायू शिरतो आणि तोडफोड पुढे सरकत जाते. वरचा अगदी पातळ थर ठिसूळ होतो, आक्रसतो, डोळ्याला दिसणार नाहीत अशा भेगांनी भरतो. त्या भेगांवर उजेड विखुरतो आणि डोळ्याला राखाडी दिसतं. काजळी आत जशीच्या तशी असते. म्हणजे काळा रंग उडालेलाच नसतो, पृष्ठभाग मोडलेला असतो. पाणी भेगांत भरलं की उजेड विखुरायचा थांबतो आणि खालचा काळा पुन्हा दिसतो.

हे एकदा समजलं की दुकानातल्या बाटल्यांची गर्दी घाबरवत नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चमकदार त्या सिलिकॉन तेलाच्या. भेगा पडलेल्या टाचांना कोकमाचं मुठेल चोळावं तसं ते काम करतं: फट भरते, कातडी मऊ दिसते, आणि दोन धुण्यांत पुन्हा पहिल्यासारखं. शिवाय तेलकट प्लास्टिक धूळ धरतं, आणि इथे धुळीला तोटा नाही. जवसाचं उकळलेलं तेल लावायची जुनी रीतही अजून चालते. ते हवेत सुकून कडक होतं, म्हणून सिलिकॉनपेक्षा जास्त टिकतं. पण जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या चुरगळून ठेवल्या तर सुकताना त्यांच्यात उष्णता साठते आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. आधीच तापलेल्या गराजमध्ये तर हा खेळ नकोच. वापरल्याच तर चिंध्या बाहेर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

हीट गनचा उपाय मी भंगारातून थोड्या डॉलरांत आणलेल्या एका कमानीवर करून पाहिला. दृश्य विलक्षण असतं. गरम हवेचा झोत सरकतो त्याच्या मागे काळा रंग झरझर उमटत जातो. पॉलिप्रोपिलिन १६० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं. वरचा थर जरासा वितळून भेगा मिटतात. एक क्षण जास्त रेंगाळलात तर मुळातला खडबडीत पोत सपाट होऊन तुकतुकीत डाग पडतो, आणि तो कायमचा. आणि उन्हापासून वाचवणारी जी रसायनं कारखान्यात मिसळलेली होती ती तर आधीच संपलेली असतात. त्यामुळे मिटलेला थर पुन्हा तडकतो. माझ्या मते हा उपाय स्वतःच्या गाडीवर करू नये.

उरतात दोन मार्ग. एक, काळा डाय असलेलं द्रव्य, जे भेगांत रंग सोडतं. दुसरा, सुकल्यावर कडक होणारा सिरॅमिक लेप. आम्ही दुसरा निवडला. ओरेगनच्या व्हाइट सिटीतली सेराकोट ही कंपनी मूळची बंदुकांवरच्या लेपांसाठी ओळखली जाते. ती याच लेपाने भिजवलेल्या छोट्या पुसण्या विकते आणि २०० धुण्यांची हमी देते.

पण लेप हा कामाचा सगळ्यात छोटा भाग. सकाळचा बहुतेक वेळ गेला घासण्यात, आणि मला सांगायचंय ते मुख्यतः याबद्दल. पॉलिप्रोपिलिनला सहजी काहीच चिकटत नाही. रंग, गोंद, लेप सगळे त्यावरून निसटतात. त्यात मध्ये जुनं सिलिकॉन किंवा मेण राहिलं तर कुठलाही लेप सालपटासारखा निघून येणार. म्हणून आधी गाडीचा साबण, मग पातळ केलेला क्लीनर आणि कडक नायलॉनचा ब्रश. प्लास्टिकचा पोत बारीक दाणेदार असतो. ब्रश गोल फिरवला तरच दाण्यांच्या मधली घाण सुटते, सरळ ओढला तर ती फक्त वरवर सरकते. पहिला फेस तपकिरी निघाला, पुढचा राखाडी. पत्र्याला लागून असलेल्या कडेत कधीच्या तरी पॉलिशच्या पांढऱ्या रेघा बसल्या होत्या. त्यासाठी त्याने टूथब्रश काढला आणि हात इतका सावकाश केला की मला आधी वाटलं, थांबलाच. प्रत्येक फेरीनंतर पांढरा टॉवेल फिरवायचा आणि तो बघायचा. काही लागलं की पुन्हा ब्रश. त्याच्या कामात घड्याळ कुठेच नव्हतं, निकाल टॉवेल देत होता.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, फटींतलं पाणी हवेने उडवणं, पत्र्याच्या कडेला निळी टेप. गाडी सावलीत, प्लास्टिक हाताला गार. लेप लावताना एका वेळी वीतभर भागच घ्यायचा आणि ओली कड सुकायच्या आत पुढचा हात तिच्यावर चढवायचा. नाहीतर जोड दिसतो. मागची डावी कमान त्याने मला दिली. हातमोज्यातून पोत जाणवत होता, पुसणी आधी अडखळत आणि मग घसरत होती. जिथे जास्त द्रव्य बसलं तिथे कोरड्या कापडाने लगेच उचलायचं. एक दिवस पाणी लागू द्यायचं नाही. आलेला रंग चकचकीत नव्हता. गडद, मंद काळा, कारखान्यातल्यासारखा.

या सगळ्यावर माझा एक आक्षेप आहे. पॉलिप्रोपिलिन हे याच देशातलंही संशोधन: १९५१मध्ये ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिलला, फिलिप्स पेट्रोलियममध्ये, हॉगन आणि बँक्स या रसायनशास्त्रज्ञांना ते सापडलं. हलकं, स्वस्त, हव्या त्या साच्यात ओतता येणारं. गाड्यांना ते न रंगवता लावलं की खर्च वाचतो आणि एसयूव्हीला रांगडं रूपही येतं. २००१चं पाँटियाक अझटेक आणि २००३चं होंडा एलिमेंट यांची तर ओळखच ते उघडं राखाडी प्लास्टिक होती. ऊन त्याचं काय करतं हे उद्योगाला पक्कं ठाऊक आहे. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर बकाय आणि न्यू रिव्हर इथे साहित्याचे नमुने वर्षानुवर्षं उन्हात मांडून ठेवणारी परीक्षण केंद्रं आहेत. ॲरिझोनाचं कोरडं ऊन आणि दक्षिण फ्लोरिडाचं दमट ऊन हीच जगभराची कसोटी मानली जाते. एस अँड पी ग्लोबल मोबिलिटीच्या आकडेवारीनुसार २०२४मध्ये अमेरिकेतल्या गाड्यांचं सरासरी वय १२.६ वर्षं होतं. गाडी इतकी जगणार हे माहीत असताना बाहेरच्या प्लास्टिकमध्ये तितकी वर्षं पुरेल असं संरक्षण घालणं हे बनवणाऱ्याचं काम आहे. ते अर्धवट राहतं आणि उरलेलं गाडीवाल्याच्या खिशातून होतं.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करावं. गाडी नवी असेल तर काळं असतानाच लेप द्या, आणि पार्किंगमध्ये तोंडाची दिशा अधूनमधून बदला. जुनी असेल तर आधी पाणी शिंपडून पाहा. भिजल्यावर काळं होत असेल तर भाग बदलायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. ब्रश घ्या, आणि टॉवेल पांढरा निघेपर्यंत बाटलीचं झाकण उघडू नका.