हेवी मेटलच्या वेगाला पाचगणीचा धागा

चिकलठाणा : येथील औद्योगिक वसाहतीत पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसचा ठोका अंगवळणी पडलेला आहे. हेवी मेटल संगीत प्रथमच कानी पडले, की अनेकांना अशाच ठोक्याची आठवण होते आणि 'हा परदेशी गोंगाट आपला नव्हे' असा शेरा मारला जातो. मात्र या संगीतातील एका आरंभीच्या गाण्याचा धागा थेट सातारा जिल्ह्यातील पाचगणीपर्यंत पोहोचतो. 'क्वीन' या ब्रिटिश बँडचे 'स्टोन कोल्ड क्रेझी' हे ते गाणे होय.

क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे मूळ नाव फारुख बुलसारा. झांझिबारमध्ये १९४६ साली एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठविण्यात आले. पियानोचे शिक्षण, 'फ्रेडी' हे नाव आणि आयुष्यातील पहिला बँड या तिन्ही गोष्टी त्यांना याच मुक्कामात लाभल्या. शाळकरी मित्रांच्या 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये ते पियानो वाजवीत. झांझिबारमधील क्रांतीनंतर १९६४ साली बुलसारा कुटुंब इंग्लंडमध्ये स्थायिक झाले.

'स्टोन कोल्ड क्रेझी'चा पहिला आराखडा क्वीनच्या स्थापनेपूर्वीचा, म्हणजे १९७० च्या आधीचा मानला जातो. 'शीअर हार्ट अटॅक' या १९७४ च्या अल्बममधून ते श्रोत्यांपर्यंत पोहोचले. चारही सदस्यांना रचनेचे श्रेय देण्यात आलेले हे क्वीनचे पहिले गाणे. कुख्यात गुंड अल कपोन होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या माणसाची ही गमतीदार कथा जेमतेम सव्वादोन मिनिटांत आटोपते.

गाण्याचे वेगळेपण त्याच्या गतीत आहे. त्या काळातील हेवी मेटलचा भर संथ, जडशीळ स्वरावलींवर होता. येथे मात्र ब्रायन मे यांची गिटार सुसाट धावते, मध्येच वाद्ये थबकतात आणि त्या पोकळीतून मर्क्युरी शब्दांचा भडिमार करतात. वेग आणि अचानक थांबे यांची हीच सांगड १९८० च्या दशकात 'थ्रॅश मेटल' या उपप्रकाराचे लक्षण ठरली. त्यामुळेच अनेक समीक्षक या गाण्याला थ्रॅशचा पूर्वज मानतात.

हे नाते अमेरिकेतील 'मेटालिका' या बँडने उघडपणे मान्य केले. १९८१ साली स्थापन झालेला हा बँड थ्रॅशचा अग्रणी समजला जातो. इलेक्ट्रा या ध्वनिमुद्रण कंपनीच्या चाळीस वर्षांनिमित्त १९९० साली 'रुबायात' हा संग्रह निघाला. त्यासाठी मेटालिकाने हेच गाणे निवडले आणि १९९१ साली त्यांना उत्कृष्ट मेटल सादरीकरणाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. विशेष म्हणजे खुद्द क्वीनला स्पर्धेतील ग्रॅमी कधीच मिळाले नाही. २०१८ साली त्यांना ग्रॅमीचा जीवनगौरव सन्मान लाभला, तेव्हा मर्क्युरी यांच्या निधनाला पाव शतक उलटून गेले होते. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्समुळे उद्भवलेल्या न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला होता.

त्यांच्या स्मरणार्थ २० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्ब्ले स्टेडियमवर मैफल झाली. तेथे क्वीनच्या सदस्यांसोबत मेटालिकाचे जेम्स हेटफील्ड यांनी 'स्टोन कोल्ड क्रेझी' गायिले. गिटारवर साथीला होते 'ब्लॅक सॅबथ'चे टोनी आयोमी. वयाच्या सतराव्या वर्षी बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली होती. डावखुरे असल्याने नेमकी हीच बोटे तारा दाबण्याची. प्लास्टिक वितळवून त्यांनी बोटांसाठी टोपणे घडविली आणि वादन सुरूच ठेवले. १९७० साली आलेल्या 'ब्लॅक सॅबथ'च्या पहिल्याच अल्बमने हेवी मेटलचा पाया घातला.

वेम्ब्लेच्या त्या व्यासपीठावर पाचगणीत पियानो शिकलेल्या गायकाचे गाणे आणि पत्र्याच्या कारखान्यात बोटे गमावलेल्या कामगाराची गिटार एकत्र आली. प्रेसच्या ठोक्याची आठवण करून देणाऱ्या या संगीताचे कारखान्याशी असे खरेखुरे नाते आहे, आणि महाराष्ट्राशीही.