श्रूजबरीची 180 लिव्हरची केबिन

श्रूजबरी स्टेशनच्या दक्षिण टोकाला उभे राहिले की समोर रूळ दोन दिशांना फुटतात. डावीकडचे वुल्व्हरहॅम्प्टन-बर्मिंगहॅमकडे जातात, उजवीकडचे हेरफर्डवरून दक्षिण वेल्सकडे. या बेचक्यात लाल विटांची एक उंच, तीन मजली इमारत आहे. वरच्या मजल्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काचा. हीच सेव्हर्न ब्रिज जंक्शनची सिग्नल केबिन. 1903 मध्ये ती बांधली, तेव्हा आत 180 लिव्हर एका ओळीत बसवले. मेलबर्नच्या स्पेन्सर स्ट्रीटची 191 लिव्हरची केबिन 2008 मध्ये बंद झाली. तेव्हापासून माणसाच्या हाताने चालणारी आणि आजही कामावर असलेली जगातली सर्वांत मोठी केबिन म्हणून श्रूजबरीचेच नाव घेतले जाते.

हे गाव इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, वेल्सच्या वेशीवर आहे. सेव्हर्न नदीने त्याला जवळजवळ चारी बाजूंनी वेढा घातला आहे. चार्ल्स डार्विन 1809 मध्ये इथेच जन्मला. गावच्या चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे. तो श्रूजबरीचा खासदार होता आणि 1762 मध्ये महापौरही झाला. मराठी माणसाला त्या पुतळ्यासमोर प्लासीच्या आधी विजयदुर्ग आठवतो. फेब्रुवारी 1756 मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमाराने तुळाजी आंग्र्यांचा तो किल्ला घेतला, तेव्हा किनाऱ्यावर उतरलेल्या फौजेचा सेनापती हाच क्लाइव्ह होता.

रेल्वे इथे 1848 मध्ये आली. चेस्टर, क्रू, वुल्व्हरहॅम्प्टन, हेरफर्ड आणि मध्य वेल्स अशा पाच बाजूंचे मार्ग पुढे या गावात येऊन मिळाले. स्टेशन लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न आणि ग्रेट वेस्टर्न या दोन कंपन्यांचे सामाईक होते. एरवी एकमेकींचे प्रवासी पळवणाऱ्या या कंपन्यांना इथे एकाच छपराखाली नांदावे लागले. नदी आणि टेकडी यांच्यामध्ये जागा अपुरी, म्हणून फलाट थेट नदीवरच्या पुलावर नेले. 1899 ते 1903 या काळात स्टेशन वाढवताना तर जुन्या इमारतीच्या खाली खणून नवा मजला काढला. ही केबिन त्याच कामाचे अपत्य. तिची बांधणी नॉर्थ वेस्टर्नच्या धाटणीची आहे, तर आवारातल्या अनेक खांबांवरचे सिग्नलचे हात ग्रेट वेस्टर्नच्या पद्धतीने खाली पडतात. जोडसंसाराची खूण इतक्या वर्षांनंतरही पुसलेली नाही.

आता लिव्हरकडे जरा जवळून पाहू. प्रत्येक लिव्हर म्हणजे माणसाच्या छातीपर्यंत येणारा पोलादी दांडा, आणि कोणता कशाचा हे रंगावरून कळते. थांबा सिग्नलचे लिव्हर लाल, दूरच्या सिग्नलचे पिवळे, सांध्यांचे काळे, सांधे जागेवर जखडणाऱ्या कुलपांचे निळे. पांढरा म्हणजे वापरात नसलेला. रूळ आणि फाटे कमी होत गेल्याने श्रूजबरीत पांढऱ्यांची संख्या मोठी आहे. दांड्याची वरची मूठ रंगवत नाहीत, ती घासून चकचकीत ठेवतात. सिग्नलमन तिला उघड्या हाताने कधी धरत नाही. हातात फडके घेऊन धरतो, कारण तळव्याच्या घामाने पोलाद गंजते. लिव्हर ओढताना नुसता दंड पुरत नाही, एक पाय टेकवून सगळे अंग मागे टाकावे लागते. दूरच्या सिग्नलची तार कप्प्यांवरून शेकडो यार्ड गेलेली असते, ती उन्हाळ्यात सैल पडते आणि थंडीत ताणते. त्या ताणाचा अंदाज सरावानेच येतो.

खरी करामत मात्र पायांखालच्या मजल्यावर आहे. तिथे प्रत्येक लिव्हरला जोडलेल्या लोखंडी पट्ट्या आणि खाचा एकमेकींत अडकतात. आधी सांधा बदलायचा, मग त्याला कुलूप घालायचे, आणि त्यानंतरच सिग्नल पडतो. सिग्नल एकदा दिला की त्या वाटेवरचा सांधा हलत नाही आणि तिला छेदणाऱ्या दुसऱ्या वाटेचा सिग्नल निघत नाही. सिग्नलमन थकलेला असो, नवखा असो की गोंधळलेला, चुकीचा दांडा त्याने कितीही जोराने ओढला तरी तो जागचा हलणार नाही. हेच इंटरलॉकिंग. जॉन सॅक्सबी यांनी 1856 मध्ये त्याचे पहिले पेटंट घेतले, पण कंपन्या खर्चाचे कारण सांगून टाळाटाळ करत राहिल्या. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीला निघालेल्या गाडीचे डबे उतारावरून मागे घरंगळले आणि सुमारे 80 जण मरण पावले, त्यांत लहान मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा केला: दोन स्टेशनांमधल्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, सांधे आणि सिग्नल यांचे इंटरलॉकिंग, आणि प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक. श्रूजबरीच्या केबिनमधली एकूण एक पट्टी या कायद्याशी बांधलेली आहे.

शेजारच्या केबिनशी बोलणे चालते ते घंटेवर. एक ठोका म्हणजे ‘लक्ष द्या’. चार ठोके म्हणजे ‘एक्स्प्रेस येते आहे, लाइन क्लिअर आहे का?’ पलीकडून तेच ठोके परत आले की होकार मिळाला. गाडी टप्प्यात शिरली की दोन ठोके, बाहेर पडली की दोन आणि एक. सलग सहा ठोके ऐकू आले तर हातातले काम टाकून सगळे सिग्नल धोक्यावर न्यायचे, कारण पुढे मार्गात अडथळा आहे. प्रत्येक ठोक्याची वेळ नोंदवहीत लिहायची. आपल्याकडच्या स्टेशन मास्तरांना यातले काहीच परके वाटणार नाही. ‘लाइन क्लिअर’ हे दोन शब्द मनमाडलाही तितकेच रुळलेले आहेत.

या यंत्रणेची मर्यादाही श्रूजबरीने पाहिली आहे. 15 ऑक्टोबर 1907 च्या पहाटे क्रूहून आलेली रात्रीची गाडी स्टेशनच्या उत्तरेकडच्या तीव्र वळणावर उलटली. तिथे ताशी 10 मैलांची मर्यादा होती आणि गाडी 60 च्या आसपास होती. प्रवासी, रेल्वे कर्मचारी आणि टपाल खात्याचे लोक मिळून 18 जण गेले. सिग्नल धोक्यावरच होते. चालकाला डुलकी लागली असावी, असे चौकशीत मानले गेले. केबिनमधल्या माणसाची चूक लोखंडाने रोखली होती, इंजिनावरच्या माणसाची चूक रोखणारे काही तिथे नव्हते.

1948 मध्ये ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशात सुमारे 10,000 सिग्नल केबिन होत्या. 2011 मध्ये तिथले रूळ आणि सिग्नल सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलने उरलेल्या सुमारे 800 केबिनचे काम टप्प्याटप्प्याने डझनभर मोठ्या केंद्रांत हलवायचे ठरवले. 2013 मध्ये 26 केबिनना वारसा म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले. श्रूजबरीची इमारतही आज द्वितीय श्रेणीच्या यादीत आहे. पण यादी वाचवते ती इमारत. तारा कापल्या, दांडे उभेच ठेवले, तर तिथे काय घडत होते हे पाहणाऱ्याला कळणार नाही. माझ्या मते इथली जपण्याजोगी वस्तू विटा नव्हेत, विटांच्या आत चालणारी ही पद्धत आहे.

आपल्यालाही हा विषय दूरचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुंबई-दिल्ली मार्गावर अशाच लिव्हरच्या फ्रेम बसवल्या होत्या. आता त्यांची जागा बटणांच्या पॅनेलने आणि संगणकाने घेतली आहे, आणि वाढत्या गाड्यांसाठी ते योग्यच झाले. मात्र 2 जून 2023 रोजी बालासोर जिल्ह्यातल्या बहानगा बाजार स्टेशनवर सिग्नलच्या तारांच्या चुकीच्या जोडणीमुळे कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनवर गेली आणि 290 हून अधिक माणसे गेली. इंटरलॉकिंग म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हा घराघरात विचारला गेला. त्याचे उत्तर डोळ्यांनी दाखवता येईल अशी एक जागा आपल्याकडे हवी. रेल्वेने महाराष्ट्रातल्या एखाद्या स्टेशनची जुनी केबिन फ्रेम, पट्ट्या, तारा आणि एका सांध्यासह जागच्या जागी, चालत्या स्थितीत ठेवावी आणि शाळेच्या मुलांना तिथला लिव्हर स्वतः ओढू द्यावा. भंगाराचा लिलाव पुकारण्यापूर्वी एवढे जरूर करावे.